आमची वाटचाल : शिडीवरून सर्व्हरपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्हा आणि आजूबाजूची खेडी, एवढ्या पट्ट्यात आम्ही इंटरनेट पुरवतो. कापूस, तूर, सोयाबीनवर चालणारा हा भाग. आज साडेआठशेच्या आसपास जोडण्या आहेत. मोठ्या कंपनीच्या हिशेबात हा आकडा कुठंच बसत नाही, पण आमचं दुकान, दोन लाइनमन, फोनवर बसणारी एक मुलगी आणि माझं घर त्यावर चालतं.

सुरुवात सायबर कॅफेपासून झाली. सातबारा काढणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, निकालाच्या दिवशी पोरांची ही गर्दी. नेट मंद, म्हणून गिऱ्हाईक खोळंबायचं. २०१३ मध्ये एका मोठ्या पुरवठादाराची फ्रँचायझी घेतली, यवतमाळहून लाइन आणली आणि उंच जागा बघून अँटेना बसवले. बाहेर वापरण्यासाठी ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्टीचा काही भाग २००७ पासून परवान्याविना मोकळा होता, म्हणूनच आमच्यासारख्याला हे जमलं.

त्या काळात तक्रार आली की शिडी उचलायची. वाऱ्यानं अँटेना फिरला, कनेक्टरमध्ये पाणी गेलं, पॉवरच्या अडॅप्टरवर पाल मेली. कडुनिंबानं तर पार हैराण केलं. पानगळीत दिलेली जोडणी झकास चालायची आणि चैत्रात पालवी फुटली की सिग्नल मान टाकायचा. झाड तोडा म्हणायची सोय नाही, मग खांबच दोन फूट वर. मृगाच्या विजा टॉवरच्या तांब्याच्या तारेतून थेट स्विचपर्यंत यायच्या आणि एका रात्रीत तीन-चार पोर्ट जाळून जायच्या.

२०१८ मध्ये फायबर टाकायला घेतलं तेव्हा विजेचं ते दुखणं संपलं. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत एका पोर्टवर उजेड वाटून देणारा स्प्लिटर लावून ६४ घरं चालतात आणि नियमानं २० किलोमीटरपर्यंत पोच आहे. ग्राहकाच्या घरातल्या फायबरच्या डब्यावर उजेड उणे २७ डीबीएमच्या (उजेडाची ताकद मोजायचं माप) खाली गेला की लाल दिवा लागतो, एवढं लाइनमनला कळलं की त्याचं निम्मं काम होतं. बाकी निम्मं जेसीबी, उंदीर आणि माकडं. त्यावर लिहिण्यासारखं विशेष काही नाही, जोडत राहायचं.

खरी गंमत पुढे आहे. २०१९ मध्ये आम्ही स्वतःचा कॅटेगरी सी, म्हणजे लहान भागापुरता इंटरनेट पुरवायचा, परवाना घेतला. त्याआधी ग्राहकाचं नाव, पासवर्ड, रिचार्जची तारीख हे सगळं वरच्या कंपनीच्या पॅनलवर असायचं. आता ते आमच्या अंगावर आलं. ग्राहकाचा राउटर पीपीपीओईनं, म्हणजे नाव-पासवर्ड सांगून जोडायच्या पद्धतीनं, आमच्या मुख्य राउटरला हाक मारतो, मुख्य राउटर रेडियस सर्व्हरला विचारतो, "हा आपला का? पैसे भरले का? वेग किती द्यायचा?" आणि होकार आला तरच नेट सुरू होतं. हा रेडियस सर्व्हर म्हणजे नागपूरला सीताबर्डीतून आणलेलं एक जुनं रॅक मशीन, त्यावर डेबियन ही प्रणाली, रेडियसचं काम करणारं फ्रीरेडियस आणि नोंदी ठेवणारा मायएसक्यूएल डेटाबेस. दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या, एक गेली तर दुसरीवर चालावं म्हणून.

दुकानामागच्या खोलीत ते ठेवलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. येणारा जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "कूलर लावून द्या ना भाऊ, एसीचं बिल कायले भरता?" विदर्भात कूलरवर माणसाची फार श्रद्धा. पण कूलर म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे महिनोन्‌महिने कनेक्टरवर चढणारा हिरवा थर. तिथं मी ऐकलं नाही. दीड टनाचा एसी, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर, ट्यूब्युलर बॅटऱ्या. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून वर स्टॅबिलायझर.

आता जो बिघाड सांगतो त्यानं आमच्या धंद्याची पद्धतच बदलली. डीपी जळाली किंवा झाडाची फांदी पडली की अर्ध्या गावाची वीज जाते. वीज परत आली की नेटही यायला हवं. पण व्हायचं असं की गल्लीत एका घरी नेट सुरू, शेजारी बंद, तिसऱ्याकडे सुरू. फोन सुरू व्हायचे : "त्याचं चालून राहिलं, माझं काहून नाही?" एका काकांनी तर सरळ विचारलं, शेजारी तुम्हाला जास्त पैसे देतो का म्हणून. लाइनमन जाऊन बघायचा तर उजेड उणे २१, दिवे हिरवे, डबा ठणठणीत. तासाभरानं कुणाचं आपोआप सुरू व्हायचं, कुणाचं दुसऱ्या दिवशीही नाही.

फायबरमध्ये काही सापडेना, तेव्हा फ्रीरेडियस बंद करून तो तपशिलाच्या मोडमध्ये चालवला. त्यात येणारी प्रत्येक हाक आणि तिचं उत्तर पडद्यावर ओळीनं दिसतं. ज्यांचं बंद होतं त्यांच्यापुढे एकच कारण : मल्टिपल लॉगिन्स. म्हणजे सर्व्हरच्या मते हा माणूस आधीच नेटवर बसलेला आहे, दुसऱ्यांदा कसा आत सोडू?

कारण असं. वीज गेली की आमची खोली इन्व्हर्टरवर चालू राहते, ग्राहकांचे डबे मात्र विझतात. मुख्य राउटरला काही सेकंदांत कळतं की समोरचं कुणी उत्तर देत नाही, आणि तो शेकडो ग्राहकांचे "हा गेला" असे निरोप एकदम रेडियसकडे पाठवतो. प्रत्येक निरोपाला डेटाबेसमध्ये एक ओळ बंद करावी लागते. वापराच्या नोंदींचं टेबल तोवर लाखो ओळींचं झालेलं, डिस्क जुन्या फिरत्या. राउटर उत्तराची वाट बघतो ३०० मिलिसेकंद, कारखान्यातून येताना तेवढीच लावलेली असते. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर पुन्हा दोन-चारदा विचारतो आणि सोडून देतो. ज्यांचा निरोप पोचला त्यांची ओळ बंद झाली. ज्यांचा हरवला ते कागदोपत्री नेटवरच राहिले. वीज आली, डबे उठले, आणि या लोकांना सर्व्हरनं दारातूनच परत पाठवलं. वर त्यांचे राउटर थांबत नाहीत, दर थोड्या वेळानं परत हाक मारतात, म्हणजे दमलेल्या सर्व्हरवर आणखी भार.

उपाय एकच नव्हता. वाट बघण्याची मुदत तीन सेकंद केली. जुन्या महिन्यांच्या नोंदी वेगळ्या टेबलात हलवल्या, डिस्क बदलून एसएसडी टाकल्या. प्रत्येक चालू ग्राहकाची खबर दर पाच मिनिटांनी यावी असं लावलं, आणि पंधरा मिनिटं जिची खबर नाही ती ओळ एक छोटी स्क्रिप्ट स्वतःच बंद करते. सगळ्यात कामाचा बदल मात्र वेगळाच : एका नावावर एकच लॉगिन ही तपासणी डेटाबेसकडून काढून मुख्य राउटरकडे दिली. तारेवर खरंच कोण आहे हे त्याला माहीत असतं. डेटाबेसला फक्त सांगोवांगी कळतं.

तेव्हापासून फोन घेणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न शिकवला आहे : डब्यावरचा लाल दिवा लागला का? नाही म्हटलं तर लाइनमनला पाठवायचं नाही, आधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडायचा. ती बारावी कॉमर्स आहे. आज लॉगमधली ओळ वाचून ग्राहकाला सांगते, "दादा, तुमचा पासवर्ड राउटर रिसेट केल्यावर उडाला, थांबा, फोनवरच टाकून घेऊ." कॉम्प्युटरची डिग्री हवीच असं मला आता वाटत नाही. ओळ पूर्ण वाचायची सवय हवी.

दुसरं प्रकरण एका उन्हाळ्यातलं. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलायच्या म्हणून सर्व्हर रीतसर बंद केला आणि परत सुरू केला. सगळे लॉगिन झाले, पण कुणाचीच साइट उघडेना. पिंग, म्हणजे आकडी पत्त्यावर मारलेली हाक, मात्र जात होता. म्हणजे गोची डीएनएसमध्ये, साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या आमच्या अनबाउंड या सॉफ्टवेअरमध्ये. आणि त्याच वेळी रिचार्ज संपलेली मंडळीही आत येऊन बसलेली! त्यातल्या एका कॉलेजच्या पोरानं स्वतःच्या फोनवर बाहेरचा डीएनएस टाकलेला होता, तर अख्ख्या गावात त्याचंच नेट चालत होतं, तेही फुकट.

दोन्हींचं मूळ एकच निघालं. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे सर्व्हरचं घड्याळ काही वर्षं मागे जाऊन उठलं. मागच्या तारखेत बघितलं तर कुणाचाच रिचार्ज संपलेला नाही. अनबाउंड तर डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्या तपासतो, आणि त्या सह्यांची मुदत त्याच्या मते अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून त्यानं सगळी उत्तरं फेकून दिली. घड्याळ आपोआप दुरुस्त का झालं नाही? कारण वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आम्ही नावानं लिहिला होता, ते नाव सोडवायला डीएनएस हवा, आणि डीएनएसला बरोबर वेळ हवी. हातानं तारीख घातली, गाडी रुळावर आली. बॅटरी चौकातल्या घड्याळवाल्याकडे मिळाली. आता वेळेचे सर्व्हर नावाऐवजी आकडी, म्हणजे आयपी, पत्त्यानं लिहिलेले आहेत, आणि मुख्य राउटरही वेळ सांगू शकतो.

वेळ बरोबर असणं ही पुढे नुसती सोय उरली नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं निर्देश काढले : घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवलेली हवीत, लॉग १८० दिवस देशातच ठेवायचे, आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्यात बदल करून वापराच्या नोंदी दोन वर्षं ठेवायला सांगितलं होतं. एका सार्वजनिक आयपीमागे आमची पुष्कळ घरं बसतात, १००.६४ ने सुरू होणारे पत्ते घेऊन. पोलीस ठाण्याचं पत्र येतं : अमुक आयपी, अमुक तारीख, ग्राहक कोण? पोर्ट नंबर (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल तर त्याचं खरं उत्तर "या तीसेक घरांपैकी कुणीतरी" एवढंच आहे, आणि तसंच मी लिहून देतो. अंदाजानं एखाद्याचं नाव देणं मला पटत नाही.

प्रत्येक जोडणीची नोंद ठेवायला लागलो तेव्हा डिस्क भराभर भरू लागली. एका मोबाइलमधून शेकडो जोडण्या उघडतात. डिस्क पूर्ण भरली की मायएसक्यूएल लिहू शकत नाही, की रेडियस अडकतो, की नेट बंद. म्हणून लॉगचं मशीनच वेगळं केलं आणि प्रत्येक घराला दोन हजार पोर्टांचा ठरलेला गठ्ठा दिला. कोणता पोर्ट कुणाचा हे आता तक्त्यावरूनच सांगता येतं. बाकीच्या नोंदी ठेवाव्या लागतात त्या लागतातच.

"सगळं चालतं, फक्त बँकेची साइट उघडत नाही" अशी तक्रार आली तर प्रत्येक पाकिटात पीपीपीओई खातो ते ८ बाइट आठवायचे. १५०० ऐवजी १४९२ उरतात आणि एमएसएस, म्हणजे पाकिटातल्या मजकुराची कमाल मर्यादा, १४५२ वर बांधला नाही की मोठी पाकिटं वाटेत गडप होतात. पाच मिनिटांचं काम.

हे सगळं क्लाउडवर का टाकत नाही, असं पुण्या-नागपूरचे मित्र विचारतात. बिलिंगची प्रत तिथं आहेच. पण लॉगिनचा होकार गावातच मिळायला हवा. यवतमाळकडची लाइन तुटली तर क्लाउडमधला रेडियस आम्हालाच दिसणार नाही, आणि त्या वेळात ज्याचा डबा बंद होऊन सुरू झाला तो बाहेरच राहील.

सध्या दुसऱ्या पुरवठादाराची लाइन घ्यायचं चाललं आहे. दोन वाटांवर एकच पत्ते चालवायचे तर ते स्वतःचे हवेत, म्हणून आयआरआयएनएन या भारतात इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडे एएस नंबर (आमच्या जाळ्याचा ओळख क्रमांक) आणि पत्त्यांचा अर्ज करतो आहोत. २०१९ पासून नव्या सदस्याला आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात, नव्या पद्धतीचे आयपीव्ही६ मात्र मुबलक. दुसऱ्या कंपनीचा माणूस दर घेऊन येऊन गेला. दर बरा आहे. त्याला म्हटलं, दराचं नंतर बोलू, आधी तुमच्या केबलचा नकाशा द्या. यवतमाळ रस्त्यावरच्या त्याच पुलावरून, त्याच पाइपातून तुमचीही तार येत असेल, तर एका जेसीबीत दोन्ही जातील.