तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळला तरी सासूबाईंना केअर होममधून घरी का आणत नाही?

डिसेंबर लागला की साताऱ्याहून मावशीचा फोन येतो. थंडी किती, बर्फ पडला का, हे झालं की ती मुद्द्यावर येते. "अगं, निदान नाताळला तरी त्यांना घरी आणा. वर्षाचा सण आहे त्यांचा." इथल्या मराठी मंडळातल्या बायकाही हेच विचारतात, फक्त जरा जपून. मावशीला जपून बोलणं माहीत नाही. ती केअर होमला सरळ वृद्धाश्रम म्हणते. तिच्या तोंडून तो शब्द आला की इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये वीस वर्षं काढलेली मी थेट आजोळच्या ओसरीवर जाऊन उभी राहते, मान खाली घालून.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आणलं होतं.

सासूबाई आता ८९ वर्षांच्या आहेत. (मी त्यांना नावानेच हाक मारते. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पचलं नाही, म्हणून इथे सासूबाईच.) अल्झायमर आहे, तीन वर्षांपूर्वी होममध्ये गेल्या. पहिल्या डिसेंबरात नवरा म्हणाला, ख्रिसमसला आई घरीच. मलाही दुसरं काही सुचलं नाही. सकाळी दहाला गाडीतून आणलं. झाड, दिवे, नातवंडं, नणंदेची मंडळी, त्यांचा कुत्रा, टीव्ही. बारापर्यंत छान गेलं.

मग जेवायला बसल्यावर क्रॅकर ओढले. म्हणजे चकचकीत कागदाची नळी; दोघांनी दोन टोकं धरून ओढायची, फट्‌ आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट अन् एक भिकार विनोद निघतो. पहिल्याच आवाजाला सासूबाई दोन्ही हात डोक्यावर घेऊन टेबलाखाली वाकल्या. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी शेफिल्डवर दोन रात्री बॉम्ब टाकले, तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. त्याबद्दल त्या आम्हाला कधी काही बोलल्या नव्हत्या. संबंध तोच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आता आम्ही क्रॅकरमधली आवाजाची पट्टी आधीच ओढून काढतो. मुकुट मिळाला की त्या खूश असतात.

इथे या दिवसांत चारच्या आत सूर्य मावळतो. अंधारून आलं तसा त्यांनी कोट मागितला. घरी जायचंय. नवरा म्हणाला, "आई, तू घरीच आहेस." असं म्हणायचं नसतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ना आमच्या घरी जायचं होतं, ना होममध्ये. "मम वाट बघत असेल," म्हणाल्या. मम म्हणजे त्यांची आई. तीन तास कोट घालून त्या दारापाशी उभ्या होत्या. नातवंडं जिन्यावर बसून बघत होती.

फोटो मात्र सुरेख आले. मावशीला पाठवले, तिलाही आवडले. त्या दिवसाचा अर्धा थाट आमच्या स्वतःसाठीच होता, हे ते फोटो परत बघताना कळलं.

तेव्हापासून आम्ही नाताळ तिकडे नेतो, थोडा थोडा करून. सुरुवात नोव्हेंबरच्या शेवटाला होते. इथे ख्रिसमस पुडिंग महिनाभर आधी कालवून ठेवायची रीत आहे, त्यासाठी एक ठरलेला रविवार असतो. घरातल्या प्रत्येकाने एकदा पळी फिरवायची आणि मनात काहीतरी मागायचं. मी मनुका, बेदाणे, साखर, चरबी सगळं पातेल्यात घालून होममध्ये नेते आणि त्यांच्या मांडीवर टॉवेल पसरून पातेलं ठेवते. पहिल्यांदा पळी हातात दिली तेव्हा त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग मनगट फिरलं. तळाला चिकटलेलं खरवडून वर आणायचं, कड पुसायची, पळी पातेल्यावर आपटून झटकायची, सगळं जसंच्या तसं. मला म्हणाल्या, "मिश्रण कोरडं आहे." होतंच कोरडं. आता त्यांना गिळायला त्रास होतो, पाणीसुद्धा दाटसर करून द्यावं लागतं, त्यामुळे त्या पुडिंगमधलं त्यांना आम्ही काहीच देत नाही. त्यांच्यासाठी होमचं स्वयंपाकघर सगळं गुळगुळीत वाटून देतं.

भेटवस्तूंचं विचारू नका. लव्हेंडरचे साबण त्यांच्या कपाटात दुकानाइतके आहेत. द्यायचंच तर पुढून बटणं असलेलं स्वेटर द्या आणि त्यात नाव शिवून द्या, कारण धुणं सगळ्यांचं एकत्र जातं. आम्ही दिलेली निळी शाल जानेवारीत एका आजोबांच्या खांद्यावर दिसली. त्यांना शोभत होती. राहू दिली.

खरी गंमत गाण्यांची. शेफिल्डच्या उत्तर-पश्चिमेच्या गावांत नाताळची गाणी चर्चपेक्षा पबमध्ये जास्त रंगतात. नोव्हेंबरातच सुरू होतात, हातात बिअर घेऊन माणसं गळा मोकळा सोडतात. रात्री मेंढ्या राखणाऱ्या धनगरांचं एक जुनं गाणं आहे. देशभर ते बहुतेक एकाच चालीवर म्हणतात, या गावांत त्याच्या कितीतरी चाली आहेत. आपल्याकडे गणपतीत शेजारच्या घरी आरती वेगळ्या चालीवर सुरू झाली की तोंड वाकडं होतं ना, तसंच. गेल्या वर्षी होममध्ये शाळेची मुलं गायला आली आणि त्यांनी ती सर्वांच्या ओळखीची चाल धरली. सासूबाई, ज्यांना माझं नाव आठवत नाही, मोठ्याने म्हणाल्या, "चुकलं!" आणि आपल्या गावच्या चालीवर पहिलं कडवं पूर्ण म्हटलं. पेटी वाजवणाऱ्या बाई थांबल्या. मुलं हसली. दुसऱ्या कडव्याला खोलीतले दोन म्हातारे त्यांना सामील झाले. असं आमच्या दिवाणखान्यात झालं नसतं. तिथे ती चाल येणारं दुसरं कुणीच नाही.

आणि तिथली ती केरळची मुलगी. सासूबाईंचं सगळं तीच करते. मार्च २०२४ नंतर केअर वर्करच्या व्हिसावर आलेल्यांना नवरा-मुलांना आणता येत नाही, ती त्यानंतर आली. लेक पाच वर्षांची, कोट्टायमला आजीकडे. २४ तारखेला इथे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे मध्यरात्र असते. तेवढी पाच मिनिटं ती धुण्याच्या खोलीत फोन घेऊन उभी असते, गावच्या चर्चमधली प्रार्थना बघत. पैसे तिला देता येत नाहीत, तसा नियम आहे. २५ला रेल्वे बंद, बसचाही भरवसा नाही, म्हणून सकाळी नवरा तिला ड्यूटीवर सोडून येतो. मावशी तिच्याबद्दल कधी विचारत नाही. विचारलं असतं तर मलाही बोलायला बरं वाटलं असतं.

२५ला आम्ही साडेदहाला पोचतो, कारण सकाळ त्यांची चांगली असते. एका वेळी दोघंच आत जातो, परवानगी लागत नाही ती फक्त कुत्र्याला. अडीचला चहाची गाडी येते, त्यांचं लक्ष कपाकडे जातं, तेवढ्यात आम्ही उठतो. बाय म्हणत नाही. म्हटलं की कोट आठवतो.

टर्की घरी येऊन ओव्हनमध्ये ठेवायची, जेवायला रात्रीचे आठ होतात. नवऱ्याला ही वेळ अजून पटलेली नाही. नाताळचं जेवण दुपारीच व्हायला हवं म्हणतो, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो.