सतरा दिवसांवर आलेली कुस्ती

तालमीतलं पोरगं, वय अठरा. तापाचा तिसरा दिवस, घसा लाल, दोन्ही टॉन्सिलवर पांढरट थर. सोमवारची ओपीडी, बाहेर बाकडं भरलेलं. मी मान चाचपली ती फक्त पुढून. ॲमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्या घरातलं अँटिबायोटिक, लिहिलं आणि पुढच्याला आत बोलावलं. घाई माझीच.

चार दिवसांनी वस्तादच त्याला घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, ह्येला गोवर उठलाय बघा." छाती-पाठीवर लाल पुरळ, ताप तसाच. वरच्या पापण्या सुजलेल्या, रात्रभर रडल्यासारख्या. या वेळी मागं उभा राहून मान चाचपली. कानामागून खाली, मानेच्या मागच्या कडेनं शेंगदाण्याएवढ्या गाठींची माळच बोटांना लागली. जिवाणूंनी घसा धरला की गाठी बहुधा पुढं, जबड्याखाली येतात. या मागच्या होत्या. त्यात ॲमॉक्सिसिलिननंतरचं पुरळ, एका विषाणूच्या तापात हे औषध दिलं की बऱ्याचदा उठणारं. एपस्टाइन-बार विषाणू!

आपल्याकडं बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच साध्या सर्दी-तापाच्या रूपात भेटून गेलेला असतो, म्हणून तरणं पोरगं असं आजारी पडलेलं क्वचित दिसतं. दिसलं तरी मी सहसा तपासणीच्या मागं लागत नाही. त्यावर खास औषध नाही. आराम, पाणी, पॅरासिटॅमॉल. रिपोर्टनं यात काही बदलणार नसेल तर बापाचे पैसे कशाला घालवायचे?

"सतरा दिवसांनी जत्रंत कुस्ती जोडलीया," वस्ताद म्हणाले, आणि माझा हिशेबच फिरला. या आजारात पाणथरी (प्लीहा, डाव्या बरगडीखालचा अवयव) सुजते. पोटावर दाब आला तर ती फुटू शकते, क्वचित, पण फुटली तर जिवावर बेततं. धोका पहिल्या तीन-चार आठवड्यांत जास्त. जत्रेपर्यंत तापाचे चोवीस दिवस होत होते, म्हणजे ऐन काठावर.

रक्त पाठवलं. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्टचा फोन: लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 64 टक्के, त्यात बऱ्याच पेशी मोठ्या, शेजारच्या तांबड्या पेशींना कडेनं बिलगलेल्या, कड गडद निळी. या विषाणूत दिसतं तसंच चित्र. मोनोस्पॉट ही या आजाराची झटपट चाचणी मात्र निगेटिव्ह. पहिल्या आठवड्यात ही चाचणी साधारण चारातल्या एकाला चुकवते, त्यामुळं मी ती मनावर घेतली नाही. विषाणूच्या अँटिबॉडीसाठी नमुना पुण्याला पाठवला. पोराला बाजूला घेऊन, विचारून एचआयव्हीचीही तपासणी केली, कारण त्याची सुरुवातही अशीच दिसू शकते. घटसर्प नको म्हणून घशाचा स्वॅबही. ते दोन्ही निगेटिव्ह आले. पुण्याचा आयजीएम (ताज्या संसर्गाची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह.

आई विचारत होती, "पेनिसिलिन सोसत न्हाई म्हणून लिहून ठेवू का?" मी नको म्हटलं. हे पुरळ बऱ्याचदा या आजारापुरतंच असतं. जन्मभराचा शिक्का उगाच कशाला.

वस्ताद ऐकेनात. "ताप उतरला की पोरगं ठणठणीत हाय की!" मी त्यांचाच हात धरून पोराच्या डाव्या बरगडीखाली ठेवला. "मोठा श्वास घे रे." पोरानं घेतला. बोटांना काहीतरी टेकलं तसा वस्तादांनी हात झटकन मागं घेतला. कुस्ती दुसऱ्याला दिली.

आठवड्यानं ते आणखी चार पोरं घेऊन हजर. "सगळी एकाच तांब्यातनं थंडाई पित्यात. ह्यांचंबी रक्त काढा." लाळेतून पसरतो हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी चौघांच्या माना मागून चाचपल्या, गाठी नाहीत. नाकं वाहत होती, खोकला होता. शिवाय हा आजार लागला तरी उमटायला चार-सहा आठवडे जातात. एकाचंही रक्त काढलं नाही. वस्ताद जरा नाराजच होऊन गेले.