तुम्ही विचारलंत म्हणून: जोएल सेलवुडच का?

मेलबर्नमध्ये कुणी नवीन मराठी माणूस भेटला आणि गप्पा फुटीवर, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर, गेल्या की हे विचारलं जातंच, एवढे खेळाडू असताना तुम्हाला तो जिलाँग क्लबचा सेलवुडच का आवडतो, तो डोक्याला बँडेजवाला?

बँडेजपासूनच सांगते. फुटीत रक्त यायला लागलं की मैदानात थांबता येत नाही, बाहेर जाऊन ते थांबवूनच परत यायचं. सेलवुड बाहेर जायचा, डोक्याभोवती पांढरी पट्टी गुंडाळून घ्यायचा, आणि थोड्या वेळात परत त्याच घोळक्यात, बॉल जमिनीवर आणि त्याच्यावर चार-पाच जण तुटून पडलेले, तिथे हा डोकं खाली घालून पहिला. हेल्मेट नाही, पॅड नाही, काही नाही.

खरं तर सुरुवातच दुखापतीने झालेली. बेंडिगो शहरातला मुलगा, हा धरून चारही भाऊ एएफएल, म्हणजे फुटीची सर्वात मोठी लीग, खेळले, पण 2006 च्या ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, वर्षी याचा गुडघा बिघडला, वर्षातला बराचसा खेळ गेला, म्हणून सातव्या नंबरपर्यंत घसरला आणि जिलाँगला मिळाला. पुढच्याच वर्षी उत्तम तरुण खेळाडूचं रायझिंग स्टार अवॉर्ड, आणि जिलाँगने 44 वर्षांनी फ्लॅग, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, ग्रँड फायनलला पोर्ट अ‍ॅडलेडला 119 पॉइंटने हरवून!

आता त्याच्यावरचा नेहमीचा आरोप, की तो फ्री किक उकळायचा. खांद्याच्या वर पकडलं की फ्री किक, म्हणजे कुणी न अडवता बॉल मारायची संधी, मिळते, आणि हा टॅकल होताना, म्हणजे समोरचा धरून अडवायला आला की, हात वर करायचा, गुडघे जरा वाकवायचा, की समोरच्याचा हात सरकून मानेवर. ही त्याने घोटलेली युक्ती होती हे मला मान्य आहे, पण बॉल आधी तुमच्या हातात असल्याशिवाय ती चालतच नाही हो, आणि बॉलपर्यंत आधी पोचायचं म्हणजे मार खायची तयारी ठेवूनच जायचं. शिव्या देणाऱ्यांना हा भाग दिसत नाही याचा मला मनापासून राग येतो.

पण मला सगळ्यात जास्त भिडतं ते त्याचं वाट बघत राहणं. 2007, 2009, 2011 असे तीन फ्लॅग जिंकले तेव्हा कॅप्टन दुसरे होते. 2012 पासून तो कॅप्टन, आणि मग जवळजवळ दरवर्षी टीम चांगली, फायनल्समध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, पोचायची आणि कुठेतरी अडकायची, 2020 ला तर ग्रँड फायनलमध्ये रिचमंडकडून हरली. लोक म्हणायला लागले टीम म्हातारी झाली, संपलं आता. हा मात्र दर वीकेंडला तसाच आत घुसतोय.

2022 ला शेवटी झालं. एमसीजीवर सिडनीला 81 पॉइंटने हरवलं, वय 34, चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने स्वतः गोल मारला तेव्हा सगळी टीम त्याच्या अंगावर धावून गेली, आणि सायरन झाल्यावर त्याने काय केलं तर टीमला पाणी देणारा डाउन सिंड्रोम असलेला तरुण कुंपणाबाहेर होता, त्याला हाताला धरून मैदानात आणलं, म्हणजे अकरा सीझन वाट बघून मिळालेला क्षण आणि याला आठवतंय कोण आत यायचं राहिलंय! काही दिवसांतच रिटायर झाला. 355 मॅच, त्यातल्या 245 कॅप्टन म्हणून, आधी कुणीच एवढ्या केल्या नव्हत्या.