लाल केसांचा अनोळखी, दोन प्रती आणि वीस सेकंद

शनिवार

आधी कबुली. मागच्या नोंदीत मी ज्या एलपीबद्दल ‘पहिलं प्रेसिंग (म्हणजे पहिल्याच छपाईतली तबकडी) मिळालं’ म्हणून नाचलो होतो, ते पहिलं प्रेसिंग नाही. अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा अल्बम कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९७५मध्ये काढला, तेव्हा त्याचा क्रमांक होता केसी ३३४८२. माझ्या कव्हरच्या कडेवर छापलंय पीसी ३३४८२. पुढची अक्षरं किमतीची श्रेणी सांगतात. भाव वाढला की अक्षर बदलायचं, आकडा तोच. म्हणजे ही नंतरची प्रत. विकणाऱ्याने ‘ओरिजिनल’ अशी चिठ्ठी लावली होती आणि माझा चष्मा गाडीत राहिला होता. दोष निम्मा-निम्मा.

तर हाताशी आता एकाच अल्बमचे दोन पुनर्जन्म आहेत: ही एलपी आणि २०००मध्ये चार जादा ट्रॅक जोडून आलेली रिमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने घासूनपुसून घेतलेली) सीडी. दोन्ही नीट ऐकायच्या, एलपी संगणकावर उतरवून घ्यायची आणि जमलंच तर त्यातला एक गिटारचा तुकडा बसवायचा, असा या महिन्याचा बेत.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: एक पाद्री, सोडून गेलेली बायको, दोन खून, मग घोड्यावरून भटकंती आणि शेवटी कुठेतरी विसावा. सगळा अल्बम मिळून एकच गोष्ट. जानेवारी १९७५मध्ये टेक्सासातल्या गार्लंड गावी, ऑटम साउंड नावाच्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झालं. मी राहतो प्लेनोत, गार्लंड वीस-पंचवीस मिनिटांवर. इतक्या वर्षांत मी तिथून फक्त टायर बदलून आलोय.

रविवार

धुलाई. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, साबणाचा एक थेंब, बकरीच्या केसांचा मऊ ब्रश. लेबलवर पाणी जाऊ दिलं नाही. शेवटी पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुतली आणि भांड्यांच्या रॅकवर, ताटांच्या जागी उभी केली. घरातून प्रतिक्रिया आल्या, त्या इथे लिहीत नाही.

पहिली बाजू चांगली निघाली. दुसऱ्या बाजूला ‘डेन्व्हर’च्या सुरुवातीला ओरखडा आहे. टिक, टिक, टिक, एकूण अकरा वेळा. सुईचा दाब दोन ग्रॅमवर नेला तेव्हा उडी मारायची थांबली. टिकटिक आहे तशीच.

पुढचा शनिवार

तुलना करताना मी आधी केलेली चूक तुम्ही करू नका. सीडी लावली, एलपी लावली आणि सीडी ‘जास्त जिवंत’ वाटली. ती नुसती जास्त मोठ्याने वाजत होती. कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मग एलपी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवून घेतली, दोन्हींची पातळी जुळवली, मुलीला बटण दाबायला बसवलं आणि मी पाठ फिरवून ऐकलं. निम्मे फरक गळून पडले.

उरले ते असे. सीडीवर बी स्पिअर्सचा बास कुठे थांबतो ते स्वच्छ कळतं. बॉबी नेल्सनचा (विलीची थोरली बहीण) पियानो एलपीवर किंचित मागच्या खोलीत वाटतो, सीडीवर शेजारी येऊन बसतो. विलीच्या आवाजात मात्र मला फरक सापडला नाही. मुलीने सात वेळा विचारलं, मी चार वेळा बरोबर. म्हणजे छापा-काटाच.

आणि खरं म्हणजे या अल्बममध्ये फरक पडायला वाद्यं आहेतच किती? गिटार, पियानो, बास, थोडे ड्रम्स, मिकी राफेलची माउथऑर्गन. कित्येक जागी नुसता आवाज आणि गिटार. विली नॅशव्हिलमध्ये आरसीए कंपनीसाठी गात होता तेव्हा त्याच्या गाण्यांवर व्हायोलिनचा ताफा आणि मागे कोरस चढवायचे. कोलंबियाशी करार करताना त्याने अल्बम कसा करायचा हा अधिकार स्वतःकडे ठेवला आणि हे असं सुकं ध्वनिमुद्रण नेऊन दिलं. कंपनीतल्या लोकांना तो कच्चा नमुना वाटला. करारापुढे इलाज नव्हता म्हणून तसाच बाजारात आला. त्यातलं ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’, फ्रेड रोजने लिहिलेलं चाळिशीच्या दशकातलं जुनं गाणं, कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून विलीचं हे पहिलंच अव्वल गाणं. वय बेचाळीस.

अवांतर: याच मिकी राफेलने २००९मध्ये ‘नेकेड विली’ नावाचा अल्बम केला. आरसीएच्या जुन्या मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेल्या) टेप काढल्या आणि त्यांतून व्हायोलिनं, कोरस वजा करून टाकले. पुनर्प्रकाशन म्हणजे काहीतरी जोडणं, असंच आपण धरून चालतो. इथे उलटं झालं. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी यादीत लिहून ठेवा.

मंगळवार रात्र

पाद्र्याची धून अल्बममध्ये पुन्हा पुन्हा येते. कधी पूर्ण, कधी दोन ओळींपुरती. आज जेवताना आईला फोनवर हे समजावत होतो. ती म्हणाली, “अरे, मग बुवा आख्यान सांगता सांगता धृपदावर येतात तसंच की.” तसंच. गोष्ट एक पाऊल पुढे सरकते आणि गायक धृपदाला हात लावून परत निघतो. पन्नास वर्षं लोक याला ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणत आलेत, आमच्या मातोश्रींनी एका वाक्यात निकाल लावला.

शुक्रवार

गिटार. विलीची ‘ट्रिगर’ म्हणजे मार्टिन एन-२०, नायलॉनच्या तारांची, १९६९ची. क्लासिकल गिटारला प्लेक्ट्रमपासून (तार छेडायच्या नखीपासून) लाकूड वाचवणारी पट्टी नसते, आणि हा गृहस्थ क्लासिकल गिटार प्लेक्ट्रमनेच वाजवतो. त्यामुळे घोडीच्या अलीकडे लाकडाला भोक पडलंय. माझी गिटार साधी आहे, भोक पडायला आणखी तीन जन्म लागतील.

‘ब्लू आइज’चं एकल वादन बसवायला घेतलंय. ई मेजर, कॉर्ड तीन: ई, ए आणि बी सेव्हन. सूर दोन संध्याकाळींत सापडले. घोटाळा लयीत. मेट्रोनोम (ठोक्याने लय मोजणारं यंत्र) लावून वाजवलं तर सूर सगळे बरोबर आणि गाणं मेलेलं. विली मात्रेवर येतच नाही. आधी येतो, नाहीतर रेंगाळतो, आणि सम निसटली असं वाटेवाटेपर्यंत अलगद तिच्यावर उतरतो. जॅंगो राइनहार्ट हा त्याचा आवडता गिटारवादक, ते इथे ऐकू येतं. वर नायलॉनची तार फार वेळ गुंजत नाही. सूर लवकर विझतो, म्हणून दोन सुरांमधली जागा मोठी भासते. मी स्टीलच्या तारांवर तेच वाजवून पाहिलं. ती जागा भरून गेली, आणि नको तेवढी भरली.

प्रगती: आठांपैकी पाच मात्राखंड जमतात. सहाव्याला मी घाई करतो.

रविवार

आता चार जादा ट्रॅकबद्दल. अल्बम ‘बांदेरा’ या शब्दांविना वाजणाऱ्या छोट्या तुकड्यावर संपतो. गोष्ट मिटली, माणूस थकून बसला. सीडीवर त्याच्या पाठोपाठ बाखचा म्हणून ओळखला जाणारा मिन्युएट, मग हँक विल्यम्सचं गाणं, मग आणखी दोन. आरती होऊन प्रसाद वाटल्यावर बुवांनी पुन्हा पेटी ओढावी तसं वाटलं. चिडलो होतो. काल ते चारही ट्रॅक वेगळे काढून, सकाळी चहाबरोबर ऐकले. सुरेख आहेत, विशेषतः ‘बोनापार्ट्स रिट्रीट’. मूळ गोष्टीला चिकटवले नाहीत तर माझी काही तक्रार नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले.

दुसरी अडचण अधिक गंभीर. एलपीची पहिली बाजू ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’ या भजनाच्या धूनवर संपते. बॉबीचा पियानो, शब्द नाहीत. खून होऊन गेलेत, आता उरली प्रार्थना. मग तुम्ही उठता, तबकडी उलटता, सुई ठेवता आणि डेन्व्हर. माणूस दुसऱ्या गावात पोचलेला असतो. मधला प्रवास विलीने गायलेला नाही, तो तुमच्या उठण्या-बसण्यात होतो. सीडीवर भजन संपतं न संपतं तोच डेन्व्हर. इतक्या लवकर कोणी पोचत नाही.

म्हणून मी माझी फाइल अशी जुळवली: सीडीचे पहिले पंधरा ट्रॅक, आठव्या आणि नवव्याच्या मध्ये वीस सेकंद शांतता. आधी दहा ठेवले होते, कमी पडले. तीस ठेवले तर मुलगी “बिघडलं का?” म्हणून विचारायला आली. वीस बरोबर. शांतता अगदी कोरी ठेवली नाही. एलपीच्या शेवटच्या रिकाम्या खाचेतली बारीक खरखर उतरवून तिथे बसवली. शुद्धतावाद्यांनी हवं तर मला बोल लावावा.

पुढच्या खेपेला: सहावा मात्राखंड, दुसऱ्या बाजूच्या ओरखड्याचे अकरा ‘टिक’ हाताने काढायचे, आणि केसी अक्षरांची प्रत. चष्मा आता गळ्यात दोरीला बांधलाय.