खायचं नाही, तर मारायचं कशाला?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आत्याने विचारला. रत्नागिरीजवळ काळबादेवीला तिचं घर. आयुष्यभर ओहोटीला खडकावर बसून कालवं काढलेली बाई. समुद्रातला जीव मारायला तिची हरकत असण्याचं कारणच नव्हतं. मी व्हिडिओ कॉलवर तिला माझा सुजलेला अंगठा दाखवला, त्यात मोडून राहिलेलं काट्याचं जांभळं टोक दाखवलं, आणि काल पाण्याखाली हातोडीने तीनेकशे सी अर्चिन, म्हणजे खडकावर बसणारे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव, फोडले असं सांगितलं. "घरी किती आणलेस?" तिने विचारलं. एकही नाही म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खायचं नाय, तर मारायचं कशाला गो?"

नंतर हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारला. ऑफिसात, गणपतीला घरी आलेल्या मंडळींनी, आणि आता तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी. तुम्ही विचारलंत म्हणून नीट, सगळं लिहिते आहे.

मी सॅन होजेला राहते. तिथून गाडीने सव्वा तासावर मॉन्टेरेचा उपसागर आहे. कॅलिफोर्निया म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, पण इथलं पाणी वर्षभर थंडच, 10 ते 14 अंश. सात मिलिमीटर जाडीचा रबरी सूट, डोक्याला टोपडं, हातात मोजे, एवढं घालूनही चाळीस मिनिटांनी बोटं आपली वाटेनाशी होतात. माझं पहिलं डायव्हिंग तारकर्लीचं. तिथल्या कोमट पाण्यातून इथे आल्यावर पहिल्या दिवशी थंडीने श्वासच अडकला होता.

पण त्या थंडीतच केल्प वाढतं. केल्प म्हणजे समुद्री शैवाल, पण माडाच्या उंचीचं, कधी त्याहूनही उंच. तळच्या खडकाला मुळांसारख्या पंज्याने घट्ट धरून ते तीस-तीस मीटर वर जातं आणि पृष्ठभागावर पसरतं. हवापाणी जुळलं तर दिवसाला अर्धा मीटर वाढतं. खालून वर पाहिलं की सोनेरी-तपकिरी पानांतून ऊन तिरपं उतरत असतं, मध्ये मासे स्थिर उभे असतात, आणि सगळं जंगल लाटेबरोबर एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे झुकतं. हे जंगल मी पाहिलं आहे. आणि जिथे ते होतं तिथे नंतर काय उरलं, तेही पाहिलं आहे.

उरतो तो उघडा खडक. त्यावर गुलाबीसर खरखरीत थर आणि त्या थरावर जांभळे अर्चिन, काट्याला काटा लागून, नजर पोचेल तिथपर्यंत. पान नाही, मासा नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हात न हलवता नुसती तरंगत राहिले होते.

आता अर्चिनची बाजू सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. जांभळा अर्चिन इथला परका नाही. टास्मानियात लांब काट्यांचा अर्चिन तापलेल्या समुद्रप्रवाहाबरोबर उत्तरेकडून येऊन पसरला, तसं इथे झालेलं नाही. हा इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आणि हावरटही नाही. जंगल शाबूत असतं तेव्हा तो खडकाच्या कपारीत बसून राहतो आणि वरून गळून आलेलं पान दिसलं की काट्यांनी धरून खातो. झाडावर चालून जायची त्याला गरज पडत नाही आणि हिंमतही होत नाही, कारण बाहेर त्याला गिळणारे फिरत असतात. गळणारी पानं संपली आणि गिळणारेही नाहीसे झाले, की तो कपारीतून बाहेर येतो आणि केल्पचा पंजाच कुरतडायला लागतो. पंजा सुटला की तीस मीटरचं झाड लाटेबरोबर वाहून जातं.

गिळणारे गेले ते असे. समुद्री पाणमांजरं गेली फरच्या व्यापारात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या किनाऱ्यावर, बिग सरच्या खडकांत, जेमतेम पन्नासेक उरली होती. आज तीन हजारांच्या आसपास आहेत, तीही बहुतेक मध्य कॅलिफोर्नियातच. त्यानंतर पाळी सूर्यफूल ताऱ्याची. हा तारामासा मीटरभर रुंद, वीस-चोवीस हातांचा, अर्चिन काट्यांसकट गिळणारा. 2013 मध्ये ताऱ्यांना एक रोग लागला. हात गळायचे, अंग विरघळून जायचं, काही दिवसांत खडकावर नुसता पांढरा चिकट डाग राहायचा. अब्जावधी तारे मेले, आणि 2020 मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. रोगाचं कारण एक जिवाणू आहे हे कळायला 2025 उजाडलं. भरीला 2014 ते 2016 समुद्र असा तापला की उरलंसुरलं केल्पही खंगलं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या साडेतीनशे किलोमीटर किनाऱ्यावरचं नव्वद टक्क्यांहून जास्त बुल केल्प, म्हणजे तिकडची केल्पची जात, नाहीसं झालं. केल्पवर जगणारे अबलोनी नावाचे समुद्री शंख उपाशी मेले, आणि 2018 मध्ये हौशी लोकांना ते काढायची बंदी झाली.

मग पाणमांजरांनी खावेत ना अर्चिन, मॉन्टेरेत तर ती आहेत, असं विचारणारे भेटतात. हाच धागा धरून मी आत्याला समजावलं. केल्प संपल्यावर अर्चिन मरत नाही. वर्षानुवर्षं उपाशी बसून राहतो. आतला केशरी गाभा, जो जपानी हॉटेलात उनी म्हणून महाग विकला जातो, तो आटून जातो आणि कवचात नुसतं काळपट पाणी राहतं. पाणमांजरं असले अर्चिन फोडून बघायच्या फंदात पडत नाहीत. जंगलाच्या तुकड्यात राहणारे भरलेले तेवढे खातात. त्यामुळे उरलेलं जंगल टिकतं, गेलेलं परत येत नाही. मी आत्याला म्हटलं, "पोकळ असतात गं सगळे." ती लगेच म्हणाली, "पुनवेच्या कुर्ल्यांसारखे?" मी हो म्हटलं. पुढे काही सांगावं लागलं नाही. पोकळ कुर्ली घरी आणत नाहीत हे तिला कुणी शिकवायला नको.

2021 च्या एप्रिलपासून मॉन्टेरेतल्या टँकर रीफ या एका खडकावर हौशी डायव्हर्सना कितीही अर्चिन फोडायची परवानगी मिळाली. एरवी दिवसाला पस्तीसची मर्यादा. परवानगीही काही वर्षांपुरतीच होती. जायंट जायंट केल्प रिस्टोरेशन नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ती मागून घेतली होती. ती मुदत चालू होती तेव्हा मी महिन्यातले दोन शनिवार जायचे. मासेमारीचा परवाना स्वतःच्या पैशाने, टाकी स्वतःची, होडीचा खर्च वाटून. हातात वेल्डर लोक जोडावरची खपली काढायला वापरतात तसली टोकदार हातोडी.

काम कंटाळवाणं आहे, हे स्पष्ट सांगते. दहा-बारा मीटरवर उतरायचं, आखलेल्या पट्ट्यात राहायचं आणि एकेक फोडत पुढे सरकायचं. कपारीतले टोकाने, उघड्यावरचे सपाट बाजूने. घाव बसण्याआधी अर्चिनला चाहूल लागते, सगळे काटे हातोडीकडे वळतात. त्याची मला कधी सवय झाली नाही. कवच फुटलं की आतून धुरासारखं काहीतरी निघतं, खालून पाच दातांचा जबडा सुटून पडतो, आणि मिनिटभरात कुठून तरी छोटे मासे येऊन तुकडे टिपायला लागतात. म्हणजे मारून वाया जातं असंही नाही. आजूबाजूला दुसऱ्यांच्या हातोड्या वाजत असतात, पण पाण्यात आवाजाची दिशा कळत नाही, सगळी टकटक आपल्याच डोक्यात चालल्यासारखी वाटते.

फोडल्याने बी पसरून आणखी अर्चिन होतील, ही शंका रास्त आहे. पण बी त्या गाभ्यातच असतं, आणि उपाशी अर्चिनकडे गाभाच नसतो. सगळे मारायचेही नसतात. चौरस मीटरला दोनच्या आसपास उरले की केल्पला मान वर काढता येते, एवढाच हिशेब. मोजणी आम्ही नाही, रीफ चेक या संस्थेचे प्रशिक्षित डायव्हर दोरी लावून करायचे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फोडणाऱ्यानेच मोजलं तर आकडे नेहमीच चांगले येतील.

एका खडकाने एवढ्या मोठ्या किनाऱ्याचं काय होणार, असं विचाराल तर किनाऱ्याचं काही होणार नाही. सूर्यफूल तारे परत आल्याशिवाय ते काम व्हायचं नाही. वॉशिंग्टन राज्यात आणि इथे जवळच मॉस लँडिंगला त्यांची पिल्लं टाक्यांत वाढवताहेत, आणि माझी खरी आशा तिकडेच आहे. पण तारे परततील तेव्हा आजूबाजूला बी टाकायला थोडं तरी केल्प जिवंत असायला हवं. ते तुकडे राखायला हातोडी लागते. खाणारा नाहीसा झाला आहे, त्याचं काम तो येईपर्यंत कुणीतरी करायला हवं, म्हणून मी मारते. हौस म्हणून एकही मारलेला नाही.

टँकर रीफवर माझ्या पट्ट्यात दुसऱ्या वर्षी केल्प उगवलं. आधी हाताएवढी पानं, मग उन्हाळ्यात माझ्या डोक्यावरून वर गेलेले देठ. शेवटच्या काही फेऱ्यांपैकी एका फेरीत मी तिथे अर्चिन शोधत होते आणि बराच वेळ सापडत नव्हता. मग एका खोल कपारीत एक दिसला. वरून गळून आलेलं केल्पचं पान त्याने अंगावर ओढून घेतलं होतं आणि कडेने खात होता. हातोडी पिशवीत टाकली आणि टाकीतली हवा संपत येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

त्या रात्री आत्याला हे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो भरलेला असणार. तो आणायचास."