एलईडी पट्टी लुकलुकतेय? पट्टीला नंतर शिव्या द्या

कोल्हापुरात राजारामपुरीत चुलत भावाचा फ्लॅट आहे, हॉलच्या पीओपीत चारी बाजूंनी वॉर्म व्हाईट पट्टी फिरवलीय, दिसायला एकदम भारी, पण संध्याकाळी लावली की जरा वेळ बरी चालते आणि मग सुरू होतं लुकलुकणं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते बघा की ओ जरा, डोळं दुखायला लागलेत." वायरमननं पट्टी डुप्लिकेट आहे म्हणून रोल बदलूनही दिला होता, पैसे गेले आणि लुकलुक तिथंच.

घरातले बाकीचे दिवे पण त्याच वेळी हलतात का, हे मी आधी बघतो. हलत असतील तर भानगड मेन लाईनची, कुठंतरी न्यूट्रल ढिला किंवा शेजारी वेल्डिंग चालू, उद्यमनगरच्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. इथं ट्यूब आणि पंखा मस्त चालू होते, फक्त पट्टीच नाचत होती. म्हणजे घोळ एसएमपीएसपासून (२३० व्होल्टचे पट्टीसाठी १२ व्होल्ट करणारा डबा) पुढं.

मग हिशेब मांडला. ५ मीटरचे दोन रोल, मीटरला १४.४ वॉट, म्हणजे १४४ वॉट. २३० व्होल्टला हे काहीच नाही, अर्ध्या अँपिअरच्या थोडं वर, पण १२ व्होल्टला तेच १२ अँपिअर होतात भावा! आणि पीओपीच्या आत बसवलेला एसएमपीएस १० अँपिअरचा, तोही चारी बाजूंनी कोंडलेला, वारा नाही काही नाही. गरम झाला की तो स्वतःला वाचवायला सप्लाय तोडतो, जरा थंड झाला की परत देतो, आणि आपण खाली बसून पट्टीला नावं ठेवतो.

वायरीचा किस्सा तर अजून भारी. "१२ व्होल्टच तर हाय" म्हणून अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर ओढलेली. ४ मीटर जायची, ४ मीटर यायची, १२ अँपिअरला हिशेबानं साडेतीन व्होल्टच्या आसपास वायरीतच खलास. व्होल्ट कमी म्हणून वायर बारीक चालते हा समज लई पसरलाय आणि तो बरोबर उलटा आहे, वायर अँपिअर बघून घ्यायची असते. त्यात दोन्ही रोल एकापुढं एक जोडलेले, त्यामुळं शेवटचा कोपरा कायम मंद. मल्टिमीटर लावायचा तो पट्टी चालू ठेवूनच, पट्टी सोडवून नुसता एसएमपीएस मोजला तर तो १२ दाखवणारच की. आणि एसएमपीएसची कनेक्शनं उघडताना एमसीबी पाडूनच हात घाला, त्याच्या एका बाजूला २३० असतात.

शेवटी १५ अँपिअरचा एसएमपीएस घेतला (त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच लोड ठेवायचा असा माझा नियम, १४४ ला १८० वॉट बरोबर बसतो), तो माळ्यावर हवा लागेल असा ठेवला आणि दोन्ही रोलना दीड स्क्वेअरची वेगवेगळी वायर दिली. लुकलुक बंद. घर नवीन बांधताय तर सरळ २४ व्होल्टची पट्टी घ्या, तेवढ्याच वॉटला करंट निम्मा. काही जण एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू पिळून व्होल्टेज वाढवतात, लांबचा कोपरा उजळतो खरा, पण जवळचे एलईडी तापून लवकर जातात, तो नाद करू नका.

पट्टीचाच दोष असेल तर तो वेगळा ओळखू येतो. १२ व्होल्टच्या पट्टीत साधारण तीन-तीन एलईडीचा गट असतो, तेवढाच तुकडा लुकलुकत असेल तर तिथला सोल्डरचा डाग सुटलाय. क्लिपवाल्या जॉइंटच्या पुढचं सगळंच नाचत असेल तर क्लिप काढून सोल्डर करा, आपल्या पावसाळ्यात त्या क्लिपा हिरव्या पडतात.

जुन्या हॅलोजनच्या जागी १२ व्होल्टचे एलईडी बसवले असतील तर मात्र वरचं काहीच लागू नाही. त्या जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरना कमीत कमी लोड लागतो, बऱ्याचदा २० वॉट, त्यांच्यावर ५ वॉटचा एकच दिवा लावला की तो नाचणारच. ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचा ड्रायव्हर (एलईडीला लागतो तसा सप्लाय देणारा डबा) टाका. आणि डोळ्याला ठीक दिसतंय पण मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे पळतायत एवढीच तक्रार असेल तर बहुतेक वेळा ते डिमरचं किंवा स्वस्त ड्रायव्हरचं काम असतं, त्यापायी लगेच पीओपी फोडू नका.