ग्लेशिअर बे, मुलं आणि आबांचं गाव

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन अलास्काची क्रूझ करायचं ठरलं, तेव्हा नातेवाइकांचं म्हणणं एकच होतं: एवढे पैसे घालून मुलांना काय दाखवणार, तर बर्फ? मुलगी सातवीतली, मुलगा चौथीतला. त्यांना डिस्नीला न्या, हिमनदीतलं त्यांना काय कळणार? मला या बोलण्याचा तेव्हाही राग आला होता, परत आल्यावर तर जास्तच येतो. मुलांना हिमनदी कळते. फक्त त्यांना कठड्यापाशी उभं राहू द्यायला हवं आणि त्यांच्या प्रश्नांना कुणीतरी नीट उत्तर द्यायला हवं.

आमचा मार्ग सिअ‍ॅटल, जुनो, स्कॅगवे, ग्लेशिअर बे, केचिकन, मग कॅनडातलं व्हिक्टोरिया आणि परत सिअ‍ॅटल असा होता. व्हिक्टोरियाचं आधीच सांगून टाकते, कारण तयारीत सगळ्यात जास्त डोकं त्यानेच खाल्लं. अमेरिकेचा 1886 सालचा एक कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या जहाजाने अमेरिकेतून घेतलेले प्रवासी अमेरिकेतच उतरवायचे असतील, तर मध्ये एखाद्या परक्या बंदराला लागावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात, म्हणून ती संध्याकाळी काही तास व्हिक्टोरियाला थांबतात. आणि त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. माणशी 100 कॅनेडियन डॉलर, शिवाय मोठ्यांच्या बोटांच्या ठशांचे प्रत्येकी 85. आमच्या एजंटने पूर्ण पैसे भरून होईपर्यंत यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्या शेवटच्या महिन्यात व्हिसा येतो की नाही या काळजीने मला धड झोप लागत नव्हती.

जुनो पावसात गेलं. मेंडेनहॉल हिमनदी धुक्याआडून जेमतेम दिसली.

स्कॅगवेची रेल्वे मात्र मुलांना मनापासून आवडली. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे माणसं धावली, त्या 1898 साली तिचं काम सुरू झालं आणि दोन वर्षांत संपलं. रूळ तीन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मेमध्येही रुळांच्या कडेला बर्फाचे ढीग. पण मुलाच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री जवळ नसेल, तर कॅनडाचे पोलीस खिंडीतून पुढे सोडत नसत. एकूण सामान साधारण एक टन भरायचं. माणसं ते पाठीवरून थोडं थोडं वर नेऊन टाकायची आणि पुढच्या खेपेला परत खाली यायची. "मग खालच्या सामानाकडे कोण बघायचं?" त्याने विचारलं. गाडीतल्या मार्गदर्शक बाईंनी माईक खाली ठेवला, त्याच्या शेजारी येऊन बसल्या आणि दोघं तिघं मिळून भागीदारीत कशी जायची ते त्याला समजावून सांगितलं. अशी माणसं भेटली की प्रवासाचा सगळा शीण जातो.

आता ग्लेशिअर बे.

या खाडीत दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी एक छोटी बोट आमच्या जहाजाला खेटून आली आणि राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर दोराच्या शिडीवरून एकेक करत वर चढले. पाठीला पिशव्या, खाली ते हिरवंकाळं गार पाणी, जहाज चालूच. दोन्ही मुलं माकडटोप्या घालून वरून बघत होती. त्या क्षणापासून रेंजर म्हणजे मुलाचे देवच. लहान मुलांसाठी त्यांची एक पुस्तिका असते. दिसलेले पक्षी-प्राणी टिपायचे, प्रश्न सोडवायचे आणि शेवटी हात वर करून शपथ घेतली की कनिष्ठ रेंजरचा बिल्ला मिळतो. जहाजावर मुलांसाठी खेळघर होतं, व्हिडिओ गेम होते, पण त्या दिवशी माझी मुलं तिकडे फिरकलीही नाहीत.

या खाडीची गोष्टच अशी आहे की मुलांना ती नकाशावर बोट फिरवून सांगता येते. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले, तेव्हा खाडी जवळपास नव्हतीच. किनाऱ्यात एक लहानसा खळगा आणि मागे बर्फाची भिंत. 1879 मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला, तोवर बर्फ 40 मैलांहून जास्त मागे सरला होता. 1916 पर्यंत 65 मैल. म्हणजे आमचं जहाज दिवसभर ज्या पाण्यातून चाललं होतं, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी नुसता बर्फ होता. मुलाने पुस्तिकेतल्या नकाशावर प्रत्येक सालाची रेघ मारली आणि जहाज त्या त्या रेघेवर आलं असं वाटलं की ओरडून सांगायचा.

टार इनलेट या खाडीच्या चिंचोळ्या फाट्याच्या टोकाला मार्जरी हिमनदी. मैलभर रुंद, पाण्यावर सुमारे 250 फूट उंच, आणि निळी. इतक्या दाबाखाली बर्फातली हवा निघून जाते, घट्ट बर्फ तांबडा उजेड शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी तो रंग बघून गळा दाटून आला.

आणि इथेच माझं डोकं फिरलं. पहाटेपासून तिपाया लावून माणसांनी कठडा अडवलेला. कॅप्टन जहाज सावकाश गोल फिरवतो, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, तरी कुणी इंचभर सरकायला तयार नाही. माझा मुलगा कोपरांच्या मधून डोकं घालायचा प्रयत्न करत होता. एका गृहस्थांनी त्याला सांगितलं की लहान मुलांची जागा खाली खेळघरात आहे. मी त्यांना सांगितलं की त्याची जागा इथेच आहे. आवाज चढला माझा, चढायलाच हवा होता. तेवढ्यात एक रेंजर आली आणि शांतपणे म्हणाली, मुलं बुटकी असतात, ती पुढे उभी राहिली तरी कुणाचं काही अडत नाही. तिने आसपासची सगळी मुलं गोळा केली आणि कठड्याशी ओळीने उभी केली.

कडा कोसळला तो त्यानंतर. आधी नुसतं दिसतं. घराएवढा तुकडा भिंतीपासून सुटतो, पाणी उसळतं, आणि आवाज मागाहून येतो. पहिल्या वेळी मुलगा दचकला. दुसऱ्या वेळी तो मोजायला लागला. विजेचा आणि गडगडाटाचा धडा नुकताच झाला होता ना! "दीड सेकंद. म्हणजे अर्धा किलोमीटर," त्याने जाहीर केलं. रेंजरने मान डोलावली आणि हिशेब बरोबर असल्याचं शेजारच्या मुलांना सांगितलं. मग ती सगळी ओळच मोठ्याने मोजू लागली.

जॉन्स हॉपकिन्स इनलेटमध्ये जाता येणार नाही हे कळल्यावर तो हिरमुसला होता. पण मे ते ऑगस्ट तिथे तरंगत्या बर्फावर सीलच्या पिल्लांचे दिवस असतात, म्हणून क्रूझ जहाजांना बंदी आहे, हे ऐकल्यावर लगेच पटलं त्याला. मोठ्यांपैकी काही जण मात्र पैसे भरलेत म्हणून कुरकुरत होते.

दुपारी इथल्या मूळ रहिवाशांपैकी, हूना त्लिंगिट समाजातल्या एक बाई बोलल्या. रेंजरबरोबर त्याही जहाजावर आल्या होत्या. ही खाडी म्हणजे त्यांच्या पूर्वजांची भूमी. बर्फ पुढे सरकत आला, कुत्रा धावेल इतक्या वेगाने आला असं त्यांचे पूर्वज सांगत, आणि गावं सोडून लोकांना जावं लागलं. आईसी सामुद्रधुनीपलीकडे हूना हे गाव वसलं. निघताना एक जण मागे राहिली, ती कथा त्यांच्या एका कुळाची आहे. त्यांच्याकडे कथांवर कुळाचा हक्क असतो, म्हणून मी ती इथे लिहीत नाही.

मुलगी माझ्या कानाशी आली. "आई, आबांच्या गावासारखंच."

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. शिवसागर भरायला लागला तेव्हा ते लहान होते. गुरं, भांडी, देवाचे टाक घेऊन घर निघालं ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, जिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. घरात याबद्दल फारसं बोलणं होत नाही. मुलीला एवढंच माहीत होतं की पाण्याखाली आपलं एक गाव आहे.

भाषण संपल्यावर ती त्या बाईंकडे गेली. तुमच्या लोकांना परत जाता येतं का, एवढंच तिने विचारलं. बाईंनी तिला समोर बसवून घेतलं. बर्फ मागे गेल्यावर लोक खाडीत पुन्हा येऊ लागले होते, पण 1925 मध्ये हे राष्ट्रीय स्मारक झालं, पुढे 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि शिकार, सीगलची अंडी गोळा करणं, सगळ्यावर बंधनं आली. अंड्यांचा हक्क परत मिळायला 2014 चा कायदा यावा लागला. 2016 मध्ये खाडीतल्याच बार्टलेट कोव्हला त्यांचं कुळघर उभं राहिलं, त्या काठावर दोन-अडीचशे वर्षांनी पहिलं. मग त्यांनी उलट विचारलं, तुझे आजोबा परत जातात का? मुलीला सांगता येईना.

केचिकनला फोनची रेंज आली तसा तिने आबांना फोन लावला. पुण्यात रात्र होती, आबा जागे झाले. तिने अंड्यांपर्यंत सगळं सांगितलं. आबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की. आपल्याकडंबी आता अभयारण्य झालं, फॉरेस्टवाल्यांना विचारूनच पाय टाकायचा." आणि मग ते बोलत सुटले. वाड्यांची नावं, नदीतला डोह, जत्रेचा दिवस. पाणी उतरतं तेव्हा देवळाचा चौथरा उघडा पडतो म्हणाले. हे माझ्या नवऱ्यानेही कधी ऐकलं नव्हतं. मुलीने वाड्यांची नावं पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून घेतली. बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही बंदरातल्या एका छपराखाली चौघं त्या फोनभोवती उभे. केचिकनचे टोटेम खांब राहूनच गेले.

पुढच्या मेमध्ये तापोळ्याहून लाँचने जायचं ठरलंय. पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हाच, आणि आबा बरोबर असतील. वनखात्याची परवानगी लागली तर काढायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलंय.